काटेबाईंची रद्द पानं

काटेबाई बाजारात शिरल्या की त्यांच्या आधी त्यांची बातमी शेवटच्या दुकानापर्यंत पोहोचायची. फळवाला पारड्याखालचा ओला कागद झटकन काढून टाकायचा. मासेवाली काटा पुसायला घ्यायची. बेकरीवाल्याचा काटा खरं तर अख्ख्या बाजारात सगळ्यात सरळ, पण घाम सगळ्यात जास्त त्यालाच फुटायचा. काटेबाई म्हणजे काही अंमलदार नव्हेत. वजनकाटे दुरुस्त करायचे, तपासायचे आणि 'हा काटा बरोबर आहे' असं प्रमाणपत्र लिहून द्यायचं, हा त्यांचा परवान्याचा धंदा, वडिलांकडून आलेला. पण पितळी वजनांची पेटी काखेत मारून आणि चष्मा कपाळावर चढवून त्या समोर उभ्या राहिल्या की भल्याभल्यांना शाळेतल्या बाई आठवत.

"काय हो, काटा गिऱ्हाइकाकडे झुकतोय की तुमच्याकडे?"

"ताई, तो बिचारा मधोमध उभा आहे!"

"मधोमध उभे राहतात त्यांच्यावरच माझा जास्त संशय असतो," असं म्हणून त्या काट्याच्या चारही कोपऱ्यांवर पाळीपाळीने वजन ठेवून बघायच्या. काम संपलं की दुकानदार सुटकेचा श्वास टाकून काहीतरी पुढे करायचा, सफरचंद, नाहीतर गरम पाव. काटेबाई हात वर करायच्या. "नको रे बाबा, आत्ताच अण्णांबरोबर जेवून आले."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील, ऐंशीच्या पुढचे. बोळाच्या तोंडाशी असलेल्या त्या लांबट दुकानात त्यांनी पन्नास वर्षं काटे दुरुस्त केले. हात थरथरायला लागल्यावर पकड आणि पेचकस खाली ठेवले, पण दुकान सुटलं नाही. रोज सकाळी येऊन खिडकीपाशी बसायचे आणि मऊ कातड्याने पितळी वजनं पुसायचे. वजनाला उघडं बोट लावायचं नाही, घामालाही वजन असतं, हा नियम त्यांनीच घालून दिलेला. एकाच्या ठोक्याला ते आपला तीन खणांचा डबा उघडायचे. स्वयंपाक स्वतःचा, डबा धुणंही स्वतःचं, त्या डब्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. वरचे दोन खण संपवायचे आणि तिसरा तसाच झाकलेला घरी न्यायचे, तेच त्यांचं रात्रीचं जेवण. म्हातारपणी भूक मंदावते पण डोळे मोठेच राहतात, असं काटेबाई मनाशी म्हणायच्या.

"जेवलीस का ग?" डबा उघडता उघडता अण्णा विचारायचे.

"मघाशीच. बाजारात."

बाजारात सांगायचं, अण्णांबरोबर जेवले. अण्णांना सांगायचं, बाजारात जेवले. रात्री कुणी जेवायला बोलावलं तर सांगायचं, पोट भरलंय. गावभरच्या काट्यांचं खोटं पकडणाऱ्या बाईंनी हे स्वतःचं खोटं एकोणीस वर्षं इतकं सफाईने चालवलं होतं, की कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

अण्णा पाचला घरी जायचे. सहाला दुकानाच्या फळ्या लागल्या की स्वारी यायची. हे नाव काटेबाईंनीच ठेवलेलं. मागच्या खोलीत एक कपाट होतं. त्यातली बिस्किटं, पाव, केळी, पातेल्यातला कालचा भात, जे असेल ते, उभ्या उभ्या, चव न घेता. थांबायचं म्हटलं तरी हात थांबायचा नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. पाऊण तासाने सगळं संपलं की त्या जमिनीवर बसून स्वतःला अशा काही शिव्या घालायच्या, की तेवढ्या बेकरीवाल्याला घातल्या असत्या तर त्याने गाव सोडलं असतं. मग शपथ: उद्या अन्नाला शिवायचं नाही. दुसरा दिवस उपाशी जायचा आणि संध्याकाळ झाली की ये रे माझ्या मागल्या. आई गेली आणि दुकान एकाएकी अंगावर पडलं, त्या वर्षी हे सुरू झालं. ते का सुरू झालं, हे त्यांना कधीच सांगता आलं नाही.

बावन्नाव्या वर्षी त्या गुडघा दाखवायला दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबता दाबता सहज विचारलं, "दिवसातून किती वेळा खाता?"

"बहुतेक एकदाच," काटेबाई हसत म्हणाल्या. "पण ते एकदा सात जणांचं असतं हं!"

त्यांच्या विनोदावर हसायचं, असा बाजारात रिवाज होता. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, दार लावून घेतलं आणि आणखी चार प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "हा आजार आहे. बऱ्याच जणांना असतो. आणि बरा होतो."

"आजार?" काटेबाई म्हणाल्या. "मला वाटलं, मी हावरट आहे."

आणि एवढं म्हणून त्या ज्या रडायला लागल्या, त्यात गुडघा राहूनच गेला.

औषध म्हणून त्यांना मिळालं एक पुस्तक. दीडशे पानांचं, बरंचसं कामाचं आणि अधूनमधून कंटाळवाणं. सोबत एक कोरी वही आणि दर गुरुवारी पंचवीस मिनिटांची भेट, अशा आठ भेटी. भेटायचं कुणाला, तर तिशीतल्या एका मुलीला. ती टेबलावर अंडी उकडताना वेळ कळायला लावतात तसली छोटी घंटी लावून बसायची, म्हणून काटेबाईंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव घंटीताई ठेवलं.

"मी डॉक्टर नाही, ताई," घंटीताई म्हणाली. "पुस्तक तुम्ही घरी वाचायचं, त्यातलं एकेक करून बघायचं, आणि काय जमलं, काय फसलं ते इथे सांगायचं. उपचार तुम्हीच करणार. मी फक्त बरोबर चालणार."

"आणि फी तुम्ही घेणार?"

"ती दवाखाना घेतो. चला, आधी एकदा वजन करू."

तिथेच पहिली भेट घसरली. काटेबाई काट्यावर चढल्या, लगेच उतरल्या, परत चढल्या आणि म्हणाल्या, "हा खोटं बोलतोय." मग त्यांनी काटा उलटा केला, पिशवीतून पेचकस काढला आणि पंचवीसातली बारा मिनिटं त्याच्या पोटात डोकं घालून काढली. काटा सरळ झाला. घंटीताईने शांतपणे लिहून घेतलं आणि सांगितलं, "आता आठवड्यातून एकदाच, इथे, ह्याच काट्यावर. मधे कुठेही नाही."

ज्या बाईच्या घरादारात, बाजारात, येता-जाता काटेच काटे, आणि जी दिवसातून दहा वेळा सवयीने एखाद्यावर चढून बघते, तिला ही अट! दुकानात दाराशीच पोती मोजायचा मोठा काटा होता. तो पायाखाली यायचाच. शेवटी त्यांनी त्याच्यावर खोकं ठेवलं आणि 'नादुरुस्त' अशी पाटी लावली.

"काट्यांच्या दुकानातलाच काटा नादुरुस्त?" गिऱ्हाइकं विचारायची.

"दिव्याखाली अंधार," काटेबाई सांगायच्या. "दुसरं काय!"

पुस्तकाचा मुख्य हुकूम वेगळाच होता. सकाळी आठ, साडेदहा, एक, चार आणि सात. भूक असो नसो, पाच वेळा थोडं थोडं खायचं आणि खाल्लं की लगेच वहीत लिहायचं.

"अहो, उपाशी राहून मी एवढं खाते," काटेबाई घाबरून म्हणाल्या, "तर खाऊन किती खाईन?"

"उलटं आहे, ताई. उपाशी राहता म्हणून एवढं खाता. करून तर बघा."

त्यांनी करून बघितलं. आठला पाव आणि अंडं, साडेदहाला केळं, चारला मूठभर शेंगदाणे. स्वारी दारात आलीच तर पंधरा-वीस मिनिटं दुसऱ्या कशात तरी काढायची, तिचा जोर आपोआप ओसरतो, असं पुस्तक म्हणत होतं. 'कशात तरी'ची यादी ज्याने त्याने आपली करायची. काटेबाईंनी एकच गोष्ट लिहिली: गंजलेला काटा सोडवणे. दोन्ही हात ग्रीसने बरबटले की बिस्किट उचलता येत नाही. घंटीताईला ही युक्ती इतकी आवडली की तिने ती आपल्या वहीत उतरवून घेतली.

एवढं सगळं जमलं. अडत होतं ते एक वाजताचं जेवण. आठ, साडेदहा, चार आणि सात चोरून उरकता येत होते. एकला अण्णा समोर असायचे, आणि कुणाच्या समोर घास तोंडात घालायचा म्हटलं की काटेबाई निमित्त काढून उठायच्या. हा घास बघून समोरच्याला सगळंच कळेल, असं त्यांना वाटायचं. वहीतला एकचा रकाना कोरा राहायचा. कोऱ्या रकान्यांच्या मागोमाग एखाद्या संध्याकाळी स्वारीही यायची.

स्वारी आली की काटेबाई काय करायच्या, हे मात्र बरेच दिवस कुणाला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या भेटीत घंटीताईने विचारलं, "पुस्तकात कुठवर आलात?"

"पहिल्या प्रकरणावर."

चौथ्या भेटीत तेच, पाचव्या भेटीतही तेच. सहाव्या भेटीत घंटीताईने वही हातात घेतली, उघडली, मिटली आणि तळहातावर तोलून बघितली.

"ताई, शंभर पानी वही दिली होती ना मी? वजन तुमचं नाही, वहीचंच उतरतंय!"

काटेबाईंना आधी हसू आलं आणि मग तोंड लपवावंसं वाटलं. हळूहळू बाहेर आलं ते असं. काटा तपासताना मधे चूक झाली तर पुढे रेटायचं नसतं. काटा रिकामा करायचा, शून्यावर आणायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. प्रमाणपत्र लिहिताना खोडलं तर ते पान फाडायचं आणि नवं लिहायचं. खाडाखोडीचं प्रमाणपत्र म्हणजे धंद्याला काळिमा. तेव्हा स्वारी येऊन गेली की काटेबाई त्या खेपेची सगळी पानं फाडायच्या, पुस्तक पहिल्या प्रकरणाशी उघडायच्या आणि कोऱ्या पानावर लिहायच्या: दिवस पहिला. आठ आठवड्यांतले सहा संपले होते आणि त्या सात वेळा पहिल्या दिवसावर उभ्या होत्या.

"ताई, मी तुम्हाला स्पष्टच सांगते," घंटीताई म्हणाली. "आठव्या भेटीत आपण दोघींनी मिळून ठरवायचं असतं. पुस्तकाने पुढे जायचं, की मोठ्या रुग्णालयात वेगळे उपचार घ्यायचे. ते वाईट नाही. काहींना तेच लागतं."

तिने 'वाईट नाही' म्हटलं ते खरंच होतं. पण काटेबाईंच्या कानांना ऐकू आलं ते वेगळंच. दुकानात कोपऱ्यात एक पत्र्याचं पिंप होतं. जो काटा कितीही केलं तरी सरळ होत नाही, तो त्या पिंपात जायचा. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कुणापुढे तोंड उघडलं होतं, आणि आता आपल्यावरही तोच शिक्का बसणार, ह्या भीतीने त्यांना खुर्चीतून उठवेना.

"फाडलेली पानं फेकून दिलीत?" घंटीताईने विचारलं.

"फेकते कशी? रद्द झालेलं पान जपून ठेवायचं, हा नियमच आहे," काटेबाई दुखावल्यासारख्या म्हणाल्या. "प्रत्येकावर रद्दचा शिक्का मारून फायलीत लावलंय."

"तारखेसकट?"

"हा काय प्रश्न झाला?"

सातव्या भेटीला फाईल आली. टेबल पुरेना, म्हणून दोघी जमिनीवर बसल्या आणि पानं तारखेने मांडत गेल्या. प्रत्येक पानावर तिरका लाल 'रद्द'. दाराशी पोहोचेपर्यंत रांग झाली. घंटीताई गुडघ्यांवर रांगत स्वारीची पानं शोधत होती आणि मधली पानं मोठ्याने मोजत होती.

"पहिली स्वारी ते दुसरी, दोन दिवस. दुसरी ते तिसरी, तीन. मग परत दोन. मग पाच. मग सहा. सहा. आणि ही शेवटची, तब्बल अकरा दिवसांनी!" ती उठून बसली. "ताई, तुम्ही एकदाही शून्यावर गेला नव्हता. अख्खा रस्ता चालून आलात आणि प्रत्येक मैलाचा दगड उपटून फाईल केलात."

एकच्या रकान्यांवरून बोट फिरवत काटेबाई रांगेच्या टोकापर्यंत गेल्या. सगळे कोरे.

"मला एक सांगा," घंटीताई म्हणाली. "दहा किलोच्या काट्यात दोन ग्रॅमची चूक निघाली तर तुम्ही त्याला रद्द करता?"

"छे! तेवढी सूट असते."

"कोण देतं सूट?"

"कायदाच देतो. जगात एकही काटा तंतोतंत बरोबर नसतो, मुली. ठराविक मर्यादेत चुकला तरी तो खराच..." काटेबाई बोलता बोलता थांबल्या. मासेवालीला सूट, फळवाल्याला सूट, त्या घामट बेकरीवाल्यालाही सूट. आपल्या एकटीला मात्र त्यांनी एका ग्रॅमचीही दिली नव्हती. त्या हसल्या, आणि हसता हसता चष्मा पुसायला लागल्या. टेबलावर घंटी वाजत होती. घंटीताईने ती वाजू दिली.

काटेबाई निघाल्या तेव्हा ती म्हणाली, "आता आठव्या भेटीत मी एकच बघणार. स्वारी आली की नाही, ते नाही. येईल, न येईल. ती आली तर तिच्यानंतरचं पुढचं खाणं ठरल्या वेळी झालं का, आणि ते त्याच पानावर लिहिलंत का. आणि ताई, एकचं जेवण. त्याच्याशिवाय हे एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखं डुगडुगत राहणार."

मंगळवारी संध्याकाळी स्वारी आली. नेमकी मंगळवारीच, गुरुवार दोन दिवसांवर असताना. दुपारी एका गिऱ्हाइकाने पंधरा मिनिटं भांडून डोकं उठवलं होतं आणि एकचा रकाना नेहमीसारखा कोरा होता. ग्रीसचा डबा उघडायच्या आधीच कपाट उघडलं गेलं. सगळं आटपल्यावर काटेबाई जमिनीवर बसल्या, वही मांडीवर घेतली, तारीख टाकून लिहिलं 'स्वारी', आणि सवयीने पानाचा वरचा कोपरा चिमटीत धरला.

पान बोटभर फाटलं, तेवढ्यात त्या थांबल्या. सगळं अंग म्हणत होतं, फाड आणि शून्यावर जा. शून्य कसं स्वच्छ असतं, त्यावर कुणी बोट ठेवत नाही. मग त्या उठल्या, चिकटपट्टी शोधली आणि फाटलेला कोपरा जोडून टाकला. जोड अगदीच वेडावाकडा झाला. एखाद्या गिऱ्हाइकाने असं प्रमाणपत्र दाखवलं असतं तर त्यांनी ते त्याच्या तोंडावर मारलं असतं.

बुधवारी आठला पोटात जागा नव्हती, तरी अर्धा पाव खाल्ला आणि स्वारीच्या बरोब्बर खालच्या ओळीत लिहिला. साडेदहाला केळं. साडेबाराला त्या उठल्या. काहीतरी निमित्त काढून बाजारात सटकावं, म्हणून पेटी काखेत घेतलीही. परत खाली ठेवली.

एक वाजला. अण्णांनी वजनं कातड्यात गुंडाळून ठेवली, डबा पुढे ओढला आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "जेवलीस का ग?"

काटेबाईंनी तोंड उघडलं. 'मघाशीच' अगदी जिभेवर होतं.

"नाही, अण्णा."

अण्णांचा हात झाकणावर थांबला. त्यांनी वर पाहिलं.

"कालही नव्हते जेवले," काटेबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. "परवाही नाही. कितीतरी वर्षं नाही. मला एक आजार आहे. उपचार चालू आहेत. सगळं सांगेन हळूहळू. आत्ता फक्त इथे बसून जेवायचंय."

अण्णांनी पकडी, पेचकस, स्क्रू एका बाजूला सारून बाकावर जागा केली. मग डबा उघडून तिसरा खण काढला आणि लेकीच्या पुढ्यात ठेवला. काटेबाईंनी झाकण काढलं. आत भात होता, बटाट्याची भाजी होती, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, मऊ कातड्याच्या तुकड्यात नीट गुंडाळलेला, एक दुसरा चमचा होता. कधीच न वापरलेला, वजनांसारखा लखलखीत पुसलेला.

काटेबाईंनी तो उचलला.

"हा रोज आणता तुम्ही?"

"रोज," अण्णा म्हणाले.

"कधीपासून?"

"तू नाही म्हणायला लागलीस तेव्हापासून." त्यांनी आपला पहिला घास घेतला. "मघाशीच म्हणायचीस, तेव्हा काटा हलतोय हे मला दिसायचं. पण सारखं बोट लावलं की काटा कधी स्थिर होत नाही. म्हणून नाही लावलं. चुकलंच बहुतेक माझं."

"तुम्हाला सूट आहे," काटेबाई म्हणाल्या आणि त्यांना एकदम इतकं रडू फुटलं, की पहिला घास खारटच लागला. पण तो खाली उतरला. दुसराही उतरला. अण्णा समोरच बघत होते, आणि जगबुडी वगैरे काही झाली नाही. बाहेरून कुणीतरी ओरडून विचारलं, दाराशी ठेवलेला काटा दुरुस्त झाला का, आणि दोघांनी एकदमच ओरडून सांगितलं, "जेवतोय!"

जेवण झाल्यावर काटेबाईंनी वही काढली. वर चिकटपट्टीचा वेडावाकडा जोड, त्याखाली 'स्वारी', त्याखाली अर्धा पाव, त्याखाली केळं. एकच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: भात, बटाट्याची भाजी, अण्णांबरोबर.

मग त्यांनी तिसरा खण उचलला आणि धुवायला नेला. अण्णांनी तो नेऊ दिला.